वॉकीटॉकीवरची मराठी

सायरन मौसी. हे माझं नाव. म्हणजे खेळातलं. माझ्या होणाऱ्या सुनेनं लिहिलेलं पात्र, आणि मुलानं काढलेलं चित्र: अंबाडा, चष्मा, कमरेवर हात, आणि उघड्या तोंडातून बाहेर पडणाऱ्या वाकड्यातिकड्या रेघा. या मौसीची शक्ती काय, तर ती ओरडली की आवाज ऐकू येईल तिथपर्यंतच्या प्रत्येकानं जागच्या जागी थिजायचं, रेफरीची शिट्टी होईपर्यंत हलायचं नाही.

"अरे वा, कितना सुंदर है बेटा," मी तिला म्हटलं. ती कप उचलून आत वळली तशी नवऱ्याकडे वळून मी मराठीत म्हटलं, "बघा, उंबरठा ओलांडायच्या आधीच सासूचा भोंगा करून ठेवला." नवरा खुदकन हसला. मीही हसले. आता आठवलं की अंगावर काटा येतो, पण तेव्हा हसले.

आम्ही ग्वाल्हेरची मराठी माणसं. नवऱ्याचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर दख्खनेतून आले ते इथंच राहिले. तलवारीला आता दसऱ्यापुरतं बाहेर काढतात, बाकी नवरा वीज खात्यातून निवृत्त झालेला, मी एका शाळेच्या ऑफिसात. घराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, आत आलं की मराठी. आणि बाहेर चारचौघांत एकमेकांशी काही खासगी बोलायचं असलं तरीही मराठी. माधवगंजात साडी घेताना दुकानदाराच्या तोंडावर "हा लुटतोय हो, उठा" म्हणायचं आणि लगेच त्याच्याकडे बघून गोड हिंदीत "भैया, थोड़ा और दिखाइए" म्हणायचं, हे मी सासूकडून शिकले, ती तिच्या सासूकडून. जुन्या दुकानदारांना सगळं समजतं, हेही आम्हाला ठाऊक असतं. तरी बोलायचं. जिभेला तशी खोडच लागलेली.

या होणाऱ्या सुनेचं घर शहरातच, हजिऱ्याला. वडिलांचं कूलरचं दुकान, वर राहायला दोन खोल्या. ती शाळेत असतानाच आई गेली. मुलगा आणि ती एकाच ऑफिसात, तिथंच जुळलं. माणसं वाईट नव्हती हो, पण मला मराठी सून हवी होती. आमचा पोरगा आधीच अर्धं वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवतो, "आई, मी निकलतोय, देर होईल" असं. त्यात घरात हिंदी सून आली की नातवंडं मला "दादी" म्हणणार आणि माझ्या पिढीबरोबर या घरातली मराठी संपणार, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. तरी मी हो म्हटलं होतं. तोंडानं. संक्रांतीनंतर साखरपुडा ठरला होता.

त्याआधी दोन्ही घरच्या माणसांनी जरा मोकळं व्हावं म्हणून तिनं हा घाट घातला. मुलाला कॉमिक काढायचा नाद. एका शहराचे सगळे रंग चोरीला जातात आणि दोन टोळ्या त्यावरून लढतात, अशी त्याची एक लांबलचक गोष्ट होती. त्याच्या मित्रानं शहराबाहेर एका बंद दगडखाणीत पेंटबॉलचं मैदान केलेलं. रंगाच्या गोळ्या भरलेल्या बंदुका, टायरांचे ढीग, वाळूच्या गोण्या, मधोमध एक काळी पाण्याची टाकी. शनिवार-रविवार असा दोन दिवसांचा खेळ, प्रत्येकाला कॉमिकमधलं एकेक पात्र. त्यांच्या ऑफिसातली पोरं होतीच, पण तिनं हट्ट धरला की आईवडीलही खेळणार. "होटल में आमने-सामने बैठकर पनीर खाने से अच्छा है, आंटी," ती म्हणाली. मी म्हटलं, "बिल्कुल, बेटा." घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "हिला लाज नाही, व्याह्यांना चिखलात लोळवणार."

आमची बाजू रंग सोडवून आणणाऱ्यांची. नवरा कर्नल कोहरा, मुलगा आमच्याकडे, आणि ऑफिसातली सातआठ पोरं. समोर शाईची टोळी. त्यांची राणी म्हणजे ती स्वतः, काळा झगा, कपाळावर निळा टिळा. तिचे वडील दरोगा दवात. ते बिचारे कूलरच्या पत्र्याची ढाल करून घेऊन आले होते, आणि दोन्ही बाजूंना पुरेल एवढी तीळगुळाची गजक. मला त्या ढालीचंच हसू आलं. "दुकान बरोबर घेऊनच फिरतात वाटतं," मी नवऱ्याच्या कानात म्हटलं. मग त्यांच्या हातातून गजक घेतली आणि "भाईसाहब, आपने क्यों तकलीफ़ की" म्हणाले.

दोन्ही बाजूंना चारचार वॉकीटॉकी मिळाले. स्वस्तातले होते, सगळे एकाच चॅनेलवर. म्हणजे आम्ही बोलायचं ते त्यांनाही ऐकू जाणार. रेफरी म्हणाला, कोडमध्ये बोला. समोरच्यांनी आकडे ठरवले. नवरा मिश्या पिळत म्हणाला, "आपल्याला कोड कशाला? आपण तिघं मराठीत बोलू. कोणाच्या बापाला कळणार नाही."

आणि खरंच, शनिवारी आम्ही धमाल केली. धुकं दाट होतं, दहा हातांवरचं दिसत नव्हतं. नवरा टाकीमागून सांगायचा, "डावीकडच्या गोण्यांमागे दोघं आहेत, तू मागून ये," आणि मुलगा जाऊन बरोबर त्या दोघांना रंगवून यायचा. आमच्या पोरांना मुलगा हळूच हिंदीत सांगायचा. समोरचे नुसते गोंधळलेले. गोळी लागली की हात वर करून तंबूत जायचं, अर्ध्या तासानं परत मैदानात यायचं. त्या तंबूत चहा मिळायचा, त्यामुळे त्यांच्याकडचे बरेच जण आनंदानं मरत होते. मी दोनदा ओरडले. पाच माणसं थिजली. माझं मलाच कौतुक वाटलं. संध्याकाळी घरी येताना गाडीत मी म्हटलं, "मराठीनं जिंकलो हो आज!" आणि मुलाच्या पाठीत धपाटा घातला, "बघ, म्हणून म्हणत होते, मराठी सून हवी." मुलगा समोर बघत राहिला. तो गाडी चालवत होता, मला वाटलं दमलाय.

रविवारी मात्र माझं बिनसलं. थंडी वाढलेली, गुडघे कालचे दुखत होते, आणि मला एका टायरांच्या ढिगामागे रंगाचा डबा राखायला बसवलेलं. तो डबा गेला की अर्धा खेळ गेला. बऱ्याच वेळानं धुक्यातून ती राणी आली, झगा सावरत, एकटीच. मी पोट आत घेऊन असा आवाज काढला की खाणीत घुमला. ती थिजली नाही. सरळ पळत आली, डबा उचलला, माझ्याकडे बघून मास्कमधून हसली आणि गेली. मी रेफरीला बोलावलं. तो म्हणाला, "आंटी, मास्क में सुनाई नहीं दिया होगा, और आप थीं भी दूर." दूर? माझ्या नाकासमोरून गेली ती! माझं डोकं असं सणकलं, काय सांगू.

मी वॉकीटॉकीचं बटण दाबलं आणि नवऱ्याला म्हटलं. काय म्हटलं ते इथं लिहिताना हात आखडतोय, पण लिहिते. "पाहिलंत ना? सगळे नियम आपल्यालाच. तिला कसला नियम? आईविना वाढलेली पोर, वळण लावणार कोण? बाप आयुष्यभर कूलर ठोकत बसला, पोरगी वाढली गल्लीत. आणि आपला हा भोळा सांब गेला तिच्या मागे. साखरपुडा करायचाय ना, करा. माझ्या मनात ही पोरगी कधी बसायची नाही. वर्षभरात स्वतःच कंटाळून निघून जाईल, नाही गेली तर नाव बदलीन."

पलीकडून नवरा नुसतं "अगं, अगं" करत होता. मध्येच मुलाचा आवाज आला, "आई, बस्स!" असा, की मी दचकलेच. त्यानं आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता.

मग खरखर झाली आणि तिच्या वडिलांचा आवाज आला, हसरा, उत्साहानं भरलेला. त्यांनाही सगळं ऐकू गेलं होतं, फक्त कळलं नव्हतं. "अरे वाह! समधन जी ने तो पूरा प्लान सुना दिया! बिटिया, अब क्या छुपाना, बता दे. होली से सीख रही है मराठी, सगाई के दिन सबको चौंकाने वाली थी. चल, आज काम आ गई. क्या बोलीं?"

होळीपासून.

 टायरला टेकून मी खाली बसले. होळीपासून, म्हणजे भोंग्याचं तिला कळलं होतं. चिखलात लोळवण्याचं ती नसताना बोलले होते म्हणून ते सोडलं, पण बाकीचं? दिवाळीत ती आलेली असताना चिवड्याची वाटी तिच्या पुढ्यात ठेवत मी जे म्हटलं होतं ते? तिच्या ड्रेसबद्दल? तिच्या वडिलांच्या चपलांबद्दल? एकेक आठवायला लागलं आणि प्रत्येक वेळी तिचा चेहरा आठवला. हसरा, "थैंक यू आंटी" म्हणणारा. आणि काल! काल आमचं सगळं बोलणं तिला समजत होतं. तिची माणसं एकामागून एक बाद होत होती आणि ती गप्प राहिली होती, कारण ते गुपित तिला माझ्यासाठी राखून ठेवायचं होतं.

 मला वाटलं, आता सांगेल. सांगावंच तिनं. मी तिच्या जागी असते तर शब्दन् शब्द ऐकवला असता, वर चार पदरचे घातले असते.

"पापा," ती म्हणाली. आवाज जरासा कापरा, मग नेहमीसारखा. "पापा, वो कह रही हैं कि सब लोग पानी की टंकी के पीछे इकट्ठा हो जाओ. वहीं से हमला करेंगे."

"शाबाश!" म्हणून तिचे वडील आणि झाडून सगळी टोळी टाकीकडे धावली. टाकीमागे कुणीही नव्हतं. आमच्या पोरांना ना माझं बोलणं कळलं होतं, ना तिचं खोटं. त्यांना एवढंच दिसलं की समोरचे सगळे एका जागी उघड्यावर आलेत. त्यांनी चहूबाजूंनी झोडपून काढलं. दरोगा दवात ढालीसकट नखशिखांत पिवळे झाले. दोन मिनिटांत खेळ संपला, आम्ही जिंकलो.

तंबूत हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली होती. विषय एकच, तिची मराठी. "होली से यही सीखा? फ़ीस वापस माँग!" एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "मराठी में टंकी को क्या कहते हैं, पहले वो तो पूछ लेती." ती पुसत होती केसांतला रंग. हसत होती. "यार, वो इतना जल्दी बोलती हैं, मुझे बस टंकी समझ में आया." त्या सगळ्या गर्दीत आम्ही तिघंच हसत नव्हतो. नवरा बुटाची नाडी सोडत होता, परत बांधत होता. मुलगा माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघू शकले नाही.

तेवढ्यात तिचे वडील आले. चेहऱ्यावर पिवळा रंग, हातात गजकचा डबा. माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बहनजी, बुरा मत मानिएगा. बिन माँ की बच्ची है, घर में कोई सिखाने वाला नहीं था. जो सीखा, मोबाइल से सीखा. अब आप सिखा देना."

तेव्हा बोलायला हवं होतं. आख्खा तंबू समोर होता. "तुमची मुलगी खोटं बोलली, तिला सगळं कळलंय, चूक माझी आहे," एवढंच. त्यांना काय बोलले ते न सांगताही हे म्हणता आलं असतं. तोंडही उघडलं मी. आणि त्यातून काय बाहेर पडलं? "कोई बात नहीं भाईसाहब, सीख जाएगी."

सीख जाएगी! एवढं मोठं मन केल्यासारखं म्हणाले मी. तिनं ते ऐकलं. क्षणभर केस पुसायची थांबली आणि परत पुसायला लागली. मेल्याहून मेल्यासारखं होणं काय असतं ते मला त्या तंबूत कळलं. 

घरी आलो. दारात मुलगा एवढंच म्हणाला, "आई, मी तिला काहीही कहणार नाही. लग्न करायचं की नाही, ते आता ती ठरवेल." एरवी मी त्या "कहणार"वर त्याला टोकलं असतं. नवऱ्यानं रात्री जेवताना ताटावरून नजर न उचलता म्हटलं, "माझी पण चूक आहे. इतकी वर्षं हसतच आलो." मला त्याचं हे बोलणं अजिबात नको होतं. वाटून घेतल्यानं माझा वाटा काही कमी होत नव्हता.

पुढचे दिवस कसे गेले विचारू नका. साखरपुड्याचा हॉल, पेढ्यांचे पुडे, सगळं बोलून ठेवलेलं, आणि मी फोन वाजला की पदर सावरत उठायची. हजिऱ्याहून काही येईना. नकारही येईना. शेवटी मीच उठले. रिक्षा केली आणि एकटीच गेले.

वडील दुकानात होते. मला बघून उठलेच, हात पुसत, "अरे, समधन जी! फ़ोन कर देतीं, मैं लेने आ जाता," म्हणत वर घेऊन गेले. पोरीला हाक मारली, स्वतः समोसे आणायला खाली उतरले. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली. ऑफिसातून नुकतीच आलेली दिसत होती.

रिक्षात मी सगळं जुळवून ठेवलं होतं, काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची. समोर आल्यावर एवढंच निघालं, "मला माफ कर गं. मी फार वाईट बोलले." मराठीत म्हटलं. म्हटलं, आता लपवायचं काय? आणि बघता बघता रडायला लागले, वर लाज याची की रडून मी तिच्याकडूनच समजूत काढून घेतेय.

तिनं पाण्याचा पेला पुढे केला. म्हणाली, "पापा को कभी पता नहीं चलना चाहिए. बस इतना."

"नहीं चलेगा," मी म्हटलं. मग न राहवून विचारलं, "और शादी?"

"शादी मैं आपसे थोड़ी कर रही हूँ, आंटी," ती म्हणाली. हसली नाही. तेवढ्यात जिन्यावर वडिलांची पावलं वाजली आणि तिनं बशा मांडायला घेतल्या.

लग्न झालं. चांगलं झालं. पोरगी घरात आली आणि घर मांडीवर घेतल्यासारखं सांभाळलं तिनं. मराठी बोलते, आणि कशी! सुरुवातीला जरा पुस्तकी होती, आता आमच्या गल्लीतल्या मराठी पोरींपेक्षा बरी. माझ्या नवऱ्याला म्हणते, "बाबा, गोळी घेतलीत का?" मुलाशी तर भांडतेसुद्धा मराठीत, आणि आता मुलगाच "निकलतोय" म्हणाला की ती त्याला टोकते, "निघतोय म्हण." गोरखीतल्या माझ्या नणंदेनं मला बाजूला घेऊन म्हटलं, "नशीबवान आहेस बाई." मी मान हलवली.

फक्त माझ्याशी ती हिंदीत बोलते. कधीही उद्धट नाही, कधी तुटक नाही. "मम्मी जी, चाय बना दूँ? मम्मी जी, घुटने पर तेल लगा दूँ?" मी मराठीत विचारलं तरी उत्तर हिंदीतच. बाकीच्यांच्या ते लक्षातही येत नाही. मला दर वेळी येतं.

परवा आम्ही दोघी गाजरं किसत होतो. मनात कितीतरी दिवस घोळत होतं ते विचारून टाकलं. म्हटलं, "सगळ्यांशी मराठीत बोलतेस. माझ्याशीच का नाही गं? मला फार वाटतं, बोलावंस."

तिनं किसणी खाली ठेवली. रागावली नव्हती, विचार करत होती. मग अगदी मऊ आवाजात म्हणाली, "मम्मी जी, हिंदी में आप मुझसे हमेशा प्यार से बोली हैं. मैं उन्हीं हिंदी वाली मम्मी जी के साथ रह लूँगी."

"अच्छा, बेटा," मी म्हटलं.